उघडं कार्ड

बहादरपूर, ६ ऑगस्ट २०२४

आत्या,

पत्राच्या सुरुवातीला 'सा. न. वि. वि.' लिहायचं असतं असं शाळेत शिकवलं होतं. त्याचा अर्थ मला तेव्हाही कळला नव्हता, म्हणून सरळ नमस्कार करते. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. घरातला चांगला फोन मोहितदादाकडे असतो, आणि मी तुला काही बोलून पाठवलं की ते आधी मोहित ऐकतो, मग आई, मग अप्पा, आणि उरलंसुरलं गोठ्यातल्या म्हशी. मला जे सांगायचं आहे ते तुझ्याशिवाय कोणाला सांगायचं नाही.

मला दहावी करायची आहे. गणित आणि विज्ञानात नापास झाले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा अप्पा म्हणाले होते, "चालतं, पोरीच्या जातीला काय करायचं." मलाही तेव्हा चालत होतं. आता चालत नाही. या उन्हाळ्यात आपल्या मळ्यातली मोटर जळाली. मिस्त्री शहरातून येईपर्यंत केळीची पानं लोंबायला लागली, अप्पा जेवेनात. मग मिस्त्री आला, त्याने मोटर उघडली, जळालेली तार काढली आणि नवीन भरली. मी दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिले. आई हाका मारत होती, उठवलंच नाही. आत्या, मला मोटर भरायला शिकायचं आहे. गावात एवढ्या मोटरी आणि भरणारा एक नाही.

बऱ्हाणपूरच्या लालबागला एक केंद्र आहे, तिथे फुकट शिकवतात असं माझी मैत्रीण निशा म्हणते. पण दहावी पास पाहिजे. आणि दहावी ओपन शाळेतून देता येते. मी आईला नुसतं विचारून पाहिलं, तर ती म्हणाली, "ओपन शाळा ओपनवाल्यांची. आपण ओबीसीत येतो, आपल्याला कोण घेणार?" हे खरं आहे का? तू एसटीत कंडक्टर आहेस, तुला सरकारी गोष्टी कळतात. लवकर लिही. पत्र निशाच्या पत्त्यावर टाक, मागे लिहिला आहे. माझं कशातच मन लागत नाही.

तुझी तृप्ती

---

सातारा, १४ ऑगस्ट

चिरंजीव तृप्ती, पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र महाबळेश्वरच्या फेरीत वाचलं आणि 'ओपनवाल्यांची शाळा' वाचून इतकी हसले, की एका आजोबांना तिकीट द्यायचंच राहिलं. आईला सांग, ओपन म्हणजे जात नाही गं बाई, ओपन म्हणजे दार उघडं. ज्याची शाळा सुटली त्याला परत आत घेणारी शाळा. वयाची अट नाही म्हटलं तरी चालेल. रोज जायची सक्ती नाही, आणि परीक्षा पुन्हा पहिल्यापासून देता येते. पण मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नकोस. तिथे जा, खुर्चीवर बस, विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नकोस.

एक लक्षात ठेव. फुकट म्हटलं की मध्ये एखादा दुकानदार उभा राहतोच. 'गॅरंटी पास' म्हणणारा दिसला की दुसऱ्या रस्त्याने जा. मला दहावीच्या जोरावर हा बॅज मिळाला. माझ्या नवऱ्याने, म्हणजे तुझ्या सुरेशकाकांनी, अर्ज भरताना मला चिडवलं होतं, की तुला बसमध्ये चढायलाच दोन माणसं लागतात. आता तेच माझ्या बसमधून तिकीट काढून हिंडतात. तेव्हा दहावीला कमी लेखू नकोस.

तुझ्या अप्पाला मात्र सांग. माझा भाऊ नामदेव तापट आहे, पण लपवलेलं त्याला खपत नाही. लहानपणी मी त्याची गोटी लपवली होती तर आठवडाभर बोलला नव्हता.

चल, डबल बेल. निघ.

तुझी आत्या, भारती

---

बहादरपूर, २ सप्टेंबर

आत्या,

निघाले! पण नीट कुठे पोचत नव्हते. आधी बसस्टँडजवळ एका फोटोकॉपीच्या दुकानात गेले. वर बोर्ड, 'दसवी-बारहवी गॅरंटी पास'. तो म्हणाला, मॅडम, घरी बसा, पेपर आम्ही बघून घेतो. मी तुझं वाक्य आठवून मागे फिरले. मग एका शाळेत गेले, त्यांनी दुसऱ्या शाळेत पाठवलं. दुसऱ्या शाळेत सर जेवायला गेले होते. ते आले तेव्हा सर्व्हर जेवायला गेला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. शेवटी लालबागच्या केंद्रात गेले, तर तिथल्या दीदींनी विचारलं, "इतके दिवस कुठे होतीस?" जणू त्या माझी वाटच बघत होत्या. त्या अमरावतीच्या आहेत, मराठी बोलतात. परीक्षेचा अर्ज त्यांनीच भरून दिला. सकाळी दहावीचा वर्ग, फुकट. दुपारी बाजूच्या हॉलमध्ये मोटरीची बॅच असते. मला अजून तिथे घेत नाहीत, पण दारातून बघू देतात. पास झाले की मार्चच्या बॅचमध्ये माझं नाव. नापास झाले तर नाही. दीदींनी सरळ सांगितलं.

सगळेच विषय पुन्हा द्यायचे आहेत. भाषेचा पेपर मी मराठीचा घेतला आहे. दीदी म्हणतात, बोलतेस तसं लिहीत जा, हात मोकळा होईल. म्हणून तुला पत्र, एका दगडात दोन पक्षी.

अप्पांना सांगितलं नाही. घरी सांगितलं की निशाकडे शिवण शिकायला जाते. चौकातून गेले तर कोणी विचारेल, म्हणून केळीच्या बागांमधून मागच्या वाटेने जाते. चिखलात चप्पल अडकते. तू रागावशील, पण आधी ऐक. नेपानगरच्या एका घरातून स्थळ आलं आहे. ललित नाव, वडील पेपर मिलमध्ये. मुलगा वाईट नाही म्हणतात. पण अप्पांना कळलं की मी शाळेत जाते, तर ते उद्याच सुपारी फोडतील. डिसेंबरात परीक्षा आहे. तोवर शिवण.

तृप्ती

---

सातारा, १२ सप्टेंबर

तृप्ती,

शाबास आणि खबरदार, दोन्ही.

मी खोटं बोलणार नाही. नामदेवने मला विचारलं तर मी सांगेन. त्याने विचारू नये अशी प्रार्थना करते, एवढंच. पोरी, शिवणाचं खोटं फार दिवस टिकत नसतं. एक दिवस कोणीतरी कापड पुढे करणार आणि म्हणणार, शिव.

अभ्यास कर. गणिताला घाबरू नकोस. मी रोज चालत्या गाडीत हिशेब करते, वळणावर.

आत्या

---

बहादरपूर, १८ ऑक्टोबर

आत्या,

घाईत लिहिते आहे, मोहित शहरात चालला आहे आणि गाडी सुरू करून उभा आहे.

तू म्हणालीस तसंच झालं. आईने दिवाळीसाठी ब्लाउजचं कापड दिलं. मी शिवलं. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्या. आईने ते अप्पांपुढे धरलं आणि सगळं बाहेर पडलं. दोन दिवस घरात जी आग लागली ती सांगत नाही. शेवटी काल शेजारच्या दगाबाबांनी आम्हाला समोरासमोर बसवलं आणि राजीनामा लिहून घेतला. माझी सही, अप्पांची सही, खाली दोन साक्षीदार. आता घरात शांत आहे. अप्पा माझ्याशी बोलतात. केंद्रात दीदींना सांगून आले. त्या म्हणाल्या, चला, मिटलं एकदाचं.

काळजी करू नको. मोहित हॉर्न वाजवतो आहे.

तृप्ती

---

(पोस्टकार्ड)

सातारा, २४ ऑक्टोबर

श्री. नामदेव, मु. बहादरपूर, जि. बऱ्हाणपूर

नामदेव,

फोन केला की मोहित 'अप्पा मळ्यात' म्हणतो, आणि पाकीट तू न फोडताच कौसल्यावहिनीकडे फेकतोस, म्हणून हे उघडं कार्ड. पोरीकडून राजीनामा लिहून घेतलास? दोन साक्षीदार बसवून? लाज नाही वाटली? तिने असं काय पाप केलं होतं? हे प्रकरण मी असं दाबू देणार नाही. तो राजीनामा फाड. नाहीतर मी स्वतः येऊन फाडते, सगळ्या गावासमोर.

भारती

---

बहादरपूर, ४ नोव्हेंबर

आत्या,

हे तू काय केलंस?

तुझं कार्ड पोस्टमनने नेहमीसारखं तुषारच्या किराणा दुकानात ठेवलं. अप्पा ते घ्यायला जाईपर्यंत अर्ध्या गावाने वाचलं होतं. तुषार वाचून दाखवतो, ज्यांना येत नाही त्यांना. आणि आत्या, आपल्या इकडे राजीनामा म्हणजे काय, ते तू विसरलीस का? इकडे राजीनामा म्हणजे समझोता! दोघं भांडले, ठाण्यात किंवा कोर्टात गेले आणि मग मिटवलं, की म्हणतात राजीनामा झाला. राजी झाले, म्हणून राजीनामा. अप्पा आणि मी राजी झालो होतो! त्यात लिहिलं होतं की मी परीक्षा देईन, निकाल लागेपर्यंत अप्पा लग्नाचा विषय काढणार नाहीत, आणि नापास झाले तर मी तोंड वाकडं न करता ललितच्या घरच्यांना भेटेन. अप्पांनी सही केल्यावर दगाबाबांच्या रीतीने सगळ्यांनी एका किटलीतला चहा घेतला होता. मी इतकी खूश होते की तुला अटी लिहायच्याच राहिल्या.

तुझ्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद, हे मला केंद्रातल्या दीदींनी परवा सांगितलं. त्या हसल्या. मला हसू आलं नाही. कारण गावाने तुझं कार्ड कसं वाचलं ठाऊक आहे? पाप. प्रकरण. दाबलं. राजीनामा. म्हणजे नामदेवच्या पोरीचं काहीतरी झालं आणि त्याने कोणाशी तरी गुपचूप समझोता केला. नेपानगरहून निरोप आला की 'सध्या घाई नाही.' आई पाण्याला गेली की बाया बोलायच्या थांबतात. गोदाबाईने मला थेट विचारलं, "मुलगा कोन होता वं?"

अप्पा दोन दिवस मळ्यातच राहिले. घरी आले तेव्हा एवढंच म्हणाले, "लिखापढीनं आब्रू गेली. आता परीक्षा नाही, केंद्र नाही. घरात बस." मी म्हटलं, कागदावर सही आहे तुमची. ते म्हणाले, "तुझ्या आत्याले सांग, फाडला मी."

खरंच फाडला आहे. तुकडे मी चुलीपाशी पाहिले.

परीक्षेला महिना उरला आहे. मी घरात इकडून तिकडे फिरते. पुस्तक उघडते, बंद करते. मला तुझा राग येतो आहे आणि तुलाच लिहिते आहे, कारण दुसरं कोणी नाही.

तृप्ती

---

सातारा, ११ नोव्हेंबर

तृप्ती,

पत्र वाचून डेपोतल्या बाकावर बसले ती उठलेच नाही. दुसऱ्या कंडक्टरने माझी फेरी केली.

वडिलांसोबत मी कितीदा तहसीलला गेले असेन. 'राजीनामा झाला, चला' म्हणत लोक हसत बाहेर यायचे आणि फाटकापाशी भजी खायचे. मला सगळं आठवलं, तुझं पत्र वाचल्यावर. आधी का नाही आठवलं? इकडे लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई माझ्या बोलण्याला हसायच्या, म्हणून मी एकेक शब्द बदलत गेले. तो बदलताना जुना कुठे पडला ते मला कळलंच नाही. फार लाज वाटते गं. मला रडू येतं आहे आणि लिहिताना शाई पसरते आहे, तर ते समजून घे.

तुझ्या अप्पाला काही म्हणू नकोस. तो बरोबर होता. त्याने सही केली होती, माझ्या भावाने पोरीसमोर बसून सही केली होती, आणि मी त्याला गावासमोर शिव्या दिल्या.

हे मी बिघडवलं, मीच दुरुस्त करते. पाकिटाने होणार नाही. कार्डाने गेलं ते कार्डानेच यायला हवं. आजच दुसरं कार्ड टाकलं आहे, नामदेवला नाही, तुषारच्या दुकानाच्या पत्त्यावर. तुला काळजी नको म्हणून मजकूर इथे उतरवते:

"बहादरपूरच्या सर्व वाचकांस. माझं मागचं कार्ड तुम्ही वाचलंत, आता हेही मोठ्याने वाचा. मी नामदेवची धाकटी बहीण भारती. इकडे साताऱ्याकडे राजीनामा म्हणजे काम सोडणं. माझ्या भाचीला दहावी सोडायला लावली असं समजून मी भावाला नाही नाही ते लिहिलं. खरं असं, की नामदेवने पोरीला दहावीची परीक्षा द्यायला परवानगी दिली, त्याचा तो राजीनामा. तिचं पाप एवढंच, की तिला तुमच्या जळालेल्या मोटरी भरायला शिकायचं आहे. मी आपली बोली विसरले, त्याची शिक्षा पोरीला देऊ नका. भावाची माफी मागते. नामदेव दुकानात आला तर त्यालाही वाचून दाखवा, तो स्वतः वाचणार नाही."

तू अभ्यास सोडू नकोस. घरात बसून कर, पण कर. अर्ज भरलेला आहे, तो कोणी फाडलेला नाही.

तुझी मूर्ख आत्या

---

बहादरपूर, १६ डिसेंबर

आत्या,

आज गणिताचा पेपर झाला. घरी आल्या आल्या तुला लिहायला बसले.

तुझं कार्ड आलं त्या दिवशी तुषारने दुकान बंद व्हायच्या आत तीन वेळा वाचलं म्हणे. पहिल्या वेळी लोक म्हणाले, पुन्हा वाच. दुसऱ्या वेळी हसले. तिसऱ्या वेळी अप्पाच तिथे तंबाखू घ्यायला गेले होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, तंबाखू घेतली आणि घरी आले. मी रोज वाट बघायची, काही म्हणतील. परीक्षेची तारीख जवळ येत होती, ओळखपत्र निशाने आणून दिलं होतं, आणि अप्पा फक्त जेवायचे आणि मळ्यात जायचे. गोदाबाई मात्र येऊन आईला भांडंभर दूध देऊन गेली. मी ठरवलं होतं की पेपरच्या दिवशी पहाटे मागच्या वाटेने निघून जायचं, मग जे होईल ते होवो.

पहिल्या पेपरला मी चप्पल हातात घेऊन मागच्या दाराने निघाले, तर अप्पा मागच्या अंगणात गाडी पुसत उभे.

"कुठी चालली?"

मी म्हटलं, "पेपर आहे."

"मंग मागून काहून जाऊन राहिली? चोरी केली का? बस."

मी मागे बसले. ते चौकातून गेले, आत्या. भर सकाळी, सगळे चहा पीत होते तेव्हा. तुषारच्या दुकानासमोर गाडी थांबवली आणि ओरडले, "एक पेन दे. चांगला दे. पोरीचा दहावीचा पेपर हाये." माझ्याकडे दोन पेन होते. ते मी पिशवीत खाली सरकवले. तुषारने पेन दिला आणि पैसे घेत नव्हता, तर अप्पांनी ते वजनकाट्यावर ठेवले.

प्रत्येक पेपरला तेच. चौक, तुषार, एक पेन. आता माझ्याकडे पेनांचा गठ्ठा झाला आहे.

गणित कसं गेलं ते विचारू नको. शेवटचं उदाहरण आलं नाही. त्याआधीचं आलं की नाही ते कळत नाही. पास झाले तर मार्चची बॅच, नाही झाले तर काय, ते अप्पा बोलत नाहीत, कागद तर फाटला आहे. मला एका जागी बसवत नाही. काल मी केळीच्या रांगांमधून उगीच चालत राहिले. निकाल लागेपर्यंत असंच राहणार बहुतेक.

तृप्ती

---

(पोस्टकार्ड)

बहादरपूर, ९ फेब्रुवारी २०२५

भारती,

कार्डच लिहितो. पाकिटाची सवय तूच मोडली. रस्त्यात जे वाचून राहिले त्यांनी बी वाचावं, माझी ना नाही.

पोरगी पास झाली. गणितात काठावर, पण काठ हा काठच असतो, मंग. मराठीत वर्गात सगळ्यात जास्त. दीदी म्हणे, इतकं कसं लिहिते? मी म्हटलं, आत्याले लिहून लिहून. मार्चपासून ती मोटरी भरायले जाईन. मागच्या वाटेनं नाही.

नेपानगरवाल्यांनी पुन्हा निरोप धाडला. मी सांगितलं, पोरीले विचारा, मले नका विचारू. ती म्हणे, बॅच झाल्यावर बघू.

तुझं दुसरं कार्ड तुषारनं दुकानात काचेखाली लावेल आहे. मी काढू देत नाही. पण तू पहिल्या कार्डात मले जे म्हटलं ते मी विसरलो नाही. राग आहे. तीन महिने आहे. दगाबाबा म्हणतात, नामदेव, पोरीसोबत राजी झाला, आता बहिणीसोबत बी हो. कागद, दोन साक्षीदार, एका किटलीचा चहा. सुट्टी काढ आणि ये.

इकडचा राजीनामा. तिकडचा नको देऊ.

नामदेव